डॉक्टरांना काय विचारावे?

(आपल्या संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी ‘अभ्यासाच्या सवयी’ या विषयावर बोलावे, असे मला सांगण्यात आले होते. चिटणीस साहेबांच्या परवानगीने मी विषय थोडा बदलून घेतला आहे. बोलणार आहे ते अभ्यासाबद्दलच. मात्र हा अभ्यास शाळेच्या परीक्षेचा नाही. घरात दीर्घ मुदतीचे आजारपण आले म्हणजे मोठ्या शहरातील तज्ज्ञ डॉक्टरांना भेटण्यापूर्वी जो अभ्यास करावा लागतो, त्याबद्दल मला चार शब्द सांगायचे आहेत.

मी वैद्यकाचा माणूस नाही. बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा मी एक साधा मास्तर. तेव्हा औषधपाणी सांगणे हा माझा अधिकार नव्हे. प्रश्न काढणे हे मात्र माझे रोजचे काम आहे. चाचणी, सहामाही, वार्षिक, अशा किती प्रश्नपत्रिका आजवर काढल्या याची मोजदाद नाही. वर्गात मुलांना मी नेहमी सांगतो, “शंका असेल तर हात वर करा, लाजू नका.” आणि हाच मास्तर स्वतःच्या आईला घेऊन पुण्याच्या डॉक्टरांसमोर बसला, तेव्हा त्याच्या तोंडून एकही प्रश्न निघाला नाही. त्या गप्प बसण्याची किंमत आमच्या घराने मोजली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी घरची गोष्ट चारचौघांत सांगतो आहे. अम्मीची परवानगी घेऊनच सांगतो आहे.

पापणी पडली, त्याची गोष्ट

माझी अम्मी शाळेत फारशी शिकलेली नाही. परंतु आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींना ती गेली वीस-बावीस वर्षे कुरआन शरीफ वाचायला शिकवते. अस्रच्या नमाजनंतर सात-आठ मुली ओसरीवर येऊन बसतात, आणि मगरिबपर्यंत अम्मीचा आवाज गल्लीत ऐकू येतो. २०२२ च्या पावसाळ्यात हा आवाज बदलू लागला. पहिल्या दोन मुलींना ती नीट शिकवायची, तिसरीच्या वेळी शब्द नाकातून येऊ लागत. डावी पापणी संध्याकाळी खाली यायची. भाकरी चावता चावता जबडा थकायचा आणि हाताने हनुवटीला आधार द्यावा लागायचा. सकाळी उठली की पुन्हा सगळे ठीक.

हे ‘सकाळी ठीक’ असणेच आम्हाला फसवत होते. कुणी म्हणाले वय झाले. कुणी म्हणाले नजर लागली. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. खोटे कशाला सांगू, माझ्याही मनात आले की अम्मीला आता मुलींना शिकवण्याचा कंटाळा आला असावा. शेवटी तिने मुलींना घरी पाठवायला सुरुवात केली आणि ओसरी शांत झाली.

येथल्याच एका डॉक्टरांनी तिला मुद्दाम संध्याकाळी बोलावले, वर छताकडे एक मिनिट पाहायला सांगितले, आणि पापणी हळूहळू उतरताना पाहून ते म्हणाले, “मास्तर, हे डोळ्याचे दुखणे नाही. मज्जातंतूंच्या तज्ज्ञाला दाखवा.”

नोव्हेंबर महिन्यात आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तेथल्या डॉक्टरांनी हातमोज्यात बर्फ भरून तो अम्मीच्या मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे ठेवला. बर्फ काढला, तर पडलेली पापणी वर गेलेली! अम्मी आरशात पाहून लहान मुलीसारखी हसली. पुढे रक्ताची तपासणी, विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायूंची तपासणी आणि छातीचा सी.टी. स्कॅन झाला. सर्व कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. आजाराचे नाव कळले : मायस्थेनिया ग्रेव्हिस. गोळ्या लिहून मिळाल्या. “काही विचारायचे आहे का?” डॉक्टरांनी विचारले. मी म्हणालो, “नाही साहेब, आपण म्हणाल तसे.”

मित्रहो, हे उत्तर मी नम्रतेने दिले, असे मला तेव्हा वाटले होते. परतीच्या एस.टी.त शिरूर सोडल्यावर अब्बांनी विचारले, “आजार बरा होणार की जन्मभर राहणार?” मला ठाऊक नव्हते. “गोळी जेवणाआधी की नंतर?” ठाऊक नव्हते. “ताप-खोकला झाला तर नेहमीची औषधे चालतील का?” ठाऊक नव्हते. “रात्री-बेरात्री त्रास वाढला तर कुठे न्यायचे?” तेही ठाऊक नव्हते. माझ्या वडिलांनी चार प्रश्न काढले आणि मी चारही प्रश्नांत नापास झालो. अब्बा चौथी शिकलेले आहेत.

आजार म्हणजे काय

पुढचे नीट कळावे म्हणून हा आजार थोडक्यात सांगतो. आपण राहुरीची माणसे, मुळा धरणाच्या पाण्यावर जगणारी. म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. आवर्तन सुटले, पाटाला पाणी आले, चारीतून ते शेताच्या कडेपर्यंत पोचले. शेतही चांगले, पाणीही भरपूर. पण चारीचे दारच गाळाने बुजले असेल तर वाफा कोरडा राहतो. दारे धरणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. शरीरात मज्जातंतू ही चारी, स्नायू हा वाफा, आणि दोघांच्या सांध्यावर एक बारीकसे दार. मज्जातंतूच्या टोकातून ‘ॲसिटिलकोलीन’ नावाचे रसायन निघते, ते स्नायूवरच्या ठरावीक जागी बसते आणि स्नायू हलतो. या आजारात शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून त्या जागांवर हल्ला करते. राखणदारानेच दारात दगड टाकावेत, तसे. म्हणून स्नायू थोडा वेळ काम करतो आणि थकतो. विसावा मिळाला की पुन्हा चालतो. सकाळी बरे आणि संध्याकाळी वाईट, ते यामुळे.

रक्तात हा हल्ला करणारे घटक सर्वांगाला आजार असलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांत सापडतात. पण तपासणीत आढळले नाहीत म्हणजे आजार नाही, असे होत नाही. छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. सुमारे दहा ते पंधरा टक्के रुग्णांत तिच्यात गाठ असते, म्हणून छातीचा स्कॅन करतात. हा आजार संसर्गाचा नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने तो लागत नाही. तो नजरेने होत नाही आणि आळसाने तर नाहीच.

प्रख्यात अभिनेते अमिताभ बच्चन यांना १९८४ साली हाच आजार झाल्याचे निदान झाले, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्यानंतर त्यांनी किती वर्षे काम केले ते आपण पाहतोच आहोत. एकेकाळी या आजाराचे नाव ऐकून माणसे आशा सोडत. १९३४ साली लंडनमधील ग्रिनिच येथील रुग्णालयात डॉ. मेरी वॉकर या स्त्री डॉक्टरने फायसोस्टिग्माइन नावाचे औषध देऊन पाहिले आणि रुग्णाची पडलेली पापणी वर गेली. त्याच कुळातले पायरिडोस्टिग्माइन आज रुग्ण रोज घेतात. चारीतले पाणी लवकर जिरू नये, दारापाशी जास्त वेळ थांबावे, असे काहीसे काम ते करते. शिवाय राखणदाराला आवर घालण्यासाठी स्टेरॉइड आणि इतर औषधे आहेत. काही रुग्णांत थायमस ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेने फायदा होतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानेही दाखवले. सांगण्याचे तात्पर्य, आजार चिवट आहे, पण उपाय आहेत. उपाय अनेक आहेत म्हणूनच प्रश्नही विचारावे लागतात.

न विचारलेला प्रश्न

फेब्रुवारी २०२३. अम्मीला थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली. मी शाळेत होतो. धाकट्या भावाने तिला जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे तिला एक इंजेक्शन मिळाले. दुसऱ्यांदा इंजेक्शन घेऊन आली त्या रात्री पाणी प्यायला दिले, तर ते नाकातून बाहेर आले. मान धरवेना. आडवी पडली की दम कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसून राहिली. मी तिला नाव विचारले, तर अर्धेच नाव ऐकू आले.

पहाटे नगरला, तेथून पुण्याला. अतिदक्षता विभागात अकरा दिवस. पाच दिवस शिरेतून महागडे औषध चालू होते. अब्बांनी दीड एकरातला ऊस उभाच गहाण टाकला. अल्लाहच्या कृपेने अम्मी परत आली.

तेथे मला कळले की जेंटामायसिन, अमिकासिन या जातीची इंजेक्शने या आजारात धोक्याची असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन यांसारखी नेहमीची प्रतिजैविके, रक्तदाबाच्या काही गोळ्या, क्विनीन, शिरेतून दिलेले मॅग्नेशियम, यांनीही त्रास वाढू शकतो. खुद्द संसर्गानेही आजार उसळतो. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना आजाराचे नाव आम्ही सांगितलेच नव्हते. भावाला वाटले, लघवीच्या दुखण्याचा पापणीशी काय संबंध? आणि त्याला हे सांगायला हवे, हे मला तरी कुठे माहीत होते? कारण अब्बांनी एस.टी.त विचारलेला तिसरा प्रश्न मी पुण्यात विचारलाच नव्हता.

शंभर पानी वही

अम्मी घरी आल्यावर मी शाळेच्या दुकानातून एक शंभर पानी वही आणली. मार्चमध्ये पुन्हा डॉक्टरांची भेट होती. त्या भेटीची तयारी आम्ही सर्वांनी मिळून पंधरा दिवस केली. ती कशी केली ते सांगतो. आजार दुसरा असला तरी पद्धत हीच चालते.

पहिली गोष्ट, रोजची नोंद. “फार त्रास होतो साहेब,” या वाक्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. आम्ही तीन वेळा लिहू लागलो : सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पापणी पडली का, एकाचे दोन दिसले का, चावताना थांबावे लागले का, ठसका लागला का, जिना चढता आला का. एका श्वासात किती अंक मोजता येतात, हेही लिहायचो. हे काम माझ्या आठवीतल्या पुतणीने केले. दादीला अंक मोजायला लावणे हा तिचा खेळ झाला होता. पण तिच्या त्या आकड्यांवरूनच डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली.

दुसरी गोष्ट, चित्रफीत. हा आजार लबाड आहे. डॉक्टरांची वेळ सकाळी अकराची, आणि पापणी पडते संध्याकाळी सहाला. तपासताना रुग्ण धडधाकट दिसतो. म्हणून त्रास चालू असतानाच मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे. आपल्या घरातील स्त्रियांना चेहऱ्याचे चित्रण आवडत नाही, हे मी जाणतो. अम्मीलाही आवडले नाही. ते फक्त डॉक्टरांना दाखवायचे, या अटीवर ती तयार झाली.

तिसरी गोष्ट, औषधांची खरी यादी. खरी म्हणजे सगळी. कोणती गोळी, किती, किती वाजता. विसरलो तर ‘विसरलो’ असे लिहावे. हकीम साहेबांचे माजून, गुडघेदुखीचा काढा, शेजारणीने दिलेली झोपेची गोळी, सारे लिहावे. आपण डॉक्टरांपासून लपवतो ते रागावतील म्हणून. पण चूक लपली की इलाजही चुकतो. नाव लिहिता येत नसेल तर गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत.

चौथी गोष्ट, कागदांचा क्रम. सगळे अहवाल तारखेप्रमाणे एका फायलीत, सर्वांत नवा वर. डॉक्टरांची पाच मिनिटे पिशवीतले कागद चाळण्यात गेली, तर ती आपल्याच भेटीतून वजा होतात.

पाचवी आणि मुख्य गोष्ट, प्रश्न. घरातल्या प्रत्येकाने आपापला प्रश्न सांगायचा आणि मी तो लिहायचा, असे ठरले. छत्तीस प्रश्न झाले! छत्तीस प्रश्न कोणता डॉक्टर ऐकेल? मग प्रश्नपत्रिका काढताना करतो तेच केले. सारखे प्रश्न एकत्र केले, दुकानदाराला किंवा परिचारिकेला विचारता येतील ते वेगळे काढले, आणि उरलेल्यांत ‘याचे उत्तर न कळल्यास जिवाला धोका आहे का?’ ही कसोटी लावली. पाच प्रश्न वर ठेवले. वेळ मिळाला तर खालचे.

आमचे पाच प्रश्न असे होते. एक, कोणती औषधे अम्मीला अजिबात द्यायची नाहीत, आणि ते आपण कागदावर लिहून द्याल का? दोन, कोणती लक्षणे दिसली की सकाळची वाट न पाहता निघायचे, आणि कुठे जायचे? तीन, गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या, आणि एखादी चुकली किंवा संपली तर काय करायचे? चार, स्टेरॉइडमुळे साखर, रक्तदाब, हाडे यांवर काय परिणाम होईल, त्यासाठी काय तपासत राहायचे? पाच, ग्रंथीची शस्त्रक्रिया अम्मीला लागेल का. लागल्यास का, आणि न लागल्यास का नाही?

तरुण मुलगी किंवा सून रुग्ण असेल तर गरोदरपणाचा प्रश्न वर घ्यावा. काही औषधे त्या काळात चालत नाहीत. लसीचा प्रश्न विचारावा; राखणदाराला आवरणारी औषधे चालू असताना काही लसी देत नाहीत. आणि खर्चाचा प्रश्न विचारायला लाजू नये. स्वस्त पर्याय आहे का, कोणती तपासणी थांबू शकते, हे विचारण्यात कमीपणा नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे त्या योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारावे.

डॉक्टरांच्या खोलीत

आपल्याकडे मोठ्यांपुढे बोलू नये, हा संस्कार आहे. चांगला संस्कार आहे. पण प्रश्न विचारणे म्हणजे उलट बोलणे नव्हे. अदब ठेवूनही विचारता येते. मी आत गेल्याबरोबर म्हणालो, “साहेब, आम्ही पाच प्रश्न लिहून आणले आहेत. आपण परवानगी द्याल तेव्हा विचारतो.” मला वाटले होते, ते रागावतील. त्यांनी हात पुढे करून वहीच मागितली. रोजच्या नोंदी वाचल्या आणि म्हणाले, “हे छान केले. याच्यावरून मला काम करता येते.” भेट पूर्वीइतकीच झाली, दहा-बारा मिनिटांची. पण या वेळी आम्ही भरल्या ओंजळीने बाहेर आलो.

उत्तरे तेथेच लिहून घ्यावीत, आणि निघण्यापूर्वी आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावीत : “म्हणजे साहेब, गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची आणि स्टेरॉइड मनाने बंद करायचे नाही, असेच ना?” आमच्या पहिल्याच उजळणीत मी दोन गोळ्यांची अदलाबदल केली होती. डॉक्टरांनी लगेच सुधारली. वर्गात आपण धडा झाल्यावर प्रश्न विचारतो, ते यासाठीच ना?

दुसरे असे की, रुग्णाला बोलू द्यावे. आपण मुले, भाऊ, नवरे आईच्या, बहिणीच्या, पत्नीच्या वतीने बोलतच सुटतो. मी वही मिटली, तेव्हा डॉक्टर अम्मीकडे वळून म्हणाले, “आणि आपल्याला काही विचारायचे आहे?” अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “डागदर साहब, अस्र के बाद बच्चियों को पढ़ाती थी मैं। अब पढ़ा सकूँगी क्या?”

आमच्या छत्तीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. घरात कुणालाच तो सुचला नव्हता. डॉक्टरांनी विचारले, “मुली किती वाजता येतात?” मग त्यांनी दुपारच्या गोळीची वेळ पुढे सरकवली. ती गोळी अर्ध्या-एक तासात काम करू लागते आणि तीन-चार तास टिकते. म्हणून मुली येण्याच्या तासभर आधी ती घ्यायची. आठऐवजी चार मुली, आणि मध्ये दहा मिनिटे विसावा. एवढेच.

रमजानचा प्रश्न

आपल्या घरांत हा प्रश्न निघतोच, म्हणून सांगतो. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस रमजान लागला. दर चार तासांनी गोळी घेणाऱ्या माणसाने रोजा कसा धरावा? अम्मीने तर ठरवूनच टाकले होते की चाळीस वर्षांत चुकला नाही तो रोजा आता सोडायचा नाही. गोळ्या सहरी आणि इफ्तारला घेईन. वहीत हा प्रश्न आम्ही लिहिला होता. डॉक्टर म्हणाले, “दिवसाच्या गोळ्या चुकवल्या तर पुन्हा अतिदक्षता विभाग.” मग मी तोच प्रश्न, डॉक्टरांच्या उत्तरासह, आमच्या मशिदीच्या इमाम साहेबांपुढे ठेवला. त्यांनी सांगितले की आजारी माणसाला रोजाची सवलत खुद्द कुरआन शरीफमध्येच दिलेली आहे. बरे होण्यासारखा आजार असेल तर रोजे नंतर पुरे करावेत, आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्याने फिदिया द्यावा, म्हणजे गरिबाला जेवू घालावे. अम्मी रडली, पण तिने ऐकले. त्या महिन्यात तिने रोज एका गरजू घरी डबा पाठवला.

यातून मी एक शिकलो. प्रश्न योग्य माणसाला विचारावा. शरीराचा डॉक्टरांना, दीनचा आलिमांना. शेजाऱ्याला आणि व्हॉट्सॲपला विचारू नये.

शिक्षकांसाठी दोन शब्द

स्नायूंचे सगळे आजार म्हाताऱ्यांना होतात, असे नाही. मुलग्यांमध्ये ड्यूशेन नावाचा स्नायुक्षयाचा आजार आढळतो. मूल चार-पाच वर्षांचे असताना वारंवार पडते, चवड्यांवर चालते, पोटऱ्या फुगीर दिसतात, आणि जमिनीवरून उठताना आपल्याच मांड्यांवर हात रोवत ते उभे राहते. असे मूल दिसले तर त्याला ‘ढिला’ म्हणून हसू नका, कवायतीत शिक्षा करू नका. पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवा. अशा पालकांच्या वहीतही प्रश्न असावेत : जनुकांची तपासणी करावी का, आईची आणि बहिणींची तपासणी हवी का, कोणता व्यायाम करावा व कोणता करू नये, हृदय आणि श्वास यांची तपासणी केव्हा केव्हा करावी? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि स्नायुक्षय त्यांत आहे. दिव्यांगत्व ठरावीक प्रमाणात असल्याचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क हा कायदा देतो. प्रमाणपत्र कोठे आणि कसे मिळेल, हाही डॉक्टरांना विचारण्याचाच प्रश्न आहे.

शेवटची विनंती

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ देतो. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कुणी जुनाट आजाराचे असेल, त्यांना लिहिता-वाचता येत नसेल, तर त्यांच्यासाठी अशी एक वही करा. पहिल्या पानावर आजाराचे नाव, चालू औषधे, न चालणारी औषधे आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहा. त्याच मजकुराचा एक छोटा कागद करून त्यांच्या पाकिटात किंवा बटव्यात ठेवा. आमच्या अम्मीच्या बटव्यात तो असतो. गेल्या वर्षी दाताच्या डॉक्टरांकडे तिने आपण होऊन तो पुढे केला. ज्या विद्येने आपल्याच माणसाला एका रात्रीच्या संकटातून वाचवता येत नाही, ती विद्या गुणपत्रिकेवर कितीही शोभली तरी अपुरी आहे, असे माझे मत झाले आहे.

आणि पालकांनो, मुलाने घरात प्रश्न विचारला तर त्याला “गप्प बस” म्हणू नका. आज तुम्हाला प्रश्न विचारू शकणारा मुलगा उद्या तुमच्यासाठी डॉक्टरांना प्रश्न विचारू शकेल. मला चौतिसाव्या वर्षी ते येत नव्हते.

अम्मीचा आजार गेलेला नाही. तो आहे आणि राहील. काही दिवस चांगले जातात, काही वाईट. परंतु आपण कधी आमच्या गल्लीवरून अस्रनंतर गेलात, तर ओसरीवर चार मुली बसलेल्या दिसतील. तिसऱ्या मुलीच्या वेळीही आवाज स्वच्छ ऐकू येतो. चौथीच्या आधी अम्मी दहा मिनिटे डोळे मिटून भिंतीला टेकते, आणि तोवर मोठी मुलगी धाकट्यांचा धडा घेते.